समुद्रातले तेल-प्लॅटफॉर्म, पवनचक्क्या आणि स्वस्त रोबो-सेन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. पाण्याखाली चालणारे छोटे रोबो विद्यार्थ्यांबरोबर बनवतो, मोडतो, पुन्हा बनवतो. कार्यशाळा संपली की चहाच्या टेबलावर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत. तिथे विषयच तसा आहे, असं समजून सांभाळून घ्या.

समुद्रातल्या ढाच्यावर नेमकं मोजायचं काय असतं?

मुंबई हायचं उदाहरण घेऊ. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात पोलादी नळ्यांचे मनोरे उभे आहेत. त्यांना जॅकेट म्हणतात. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने इथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे ढाचे बांधताना आयुष्य धरलं जातं साधारण पंचवीस वर्षांचं. आता तुम्हीच हिशोब करा.

अशा मनोऱ्याला चार-पाच गोष्टी खातात. पहिली गंज. तो सगळीकडे सारखा नसतो. भरती-ओहोटीच्या रेषेच्या जरा वर, जिथे लाट आपटून पोलाद सतत ओलं-कोरडं होतं, त्या पट्ट्यात तो सर्वांत जास्त माजतो. दुसरा धातूचा थकवा. दर आठ-दहा सेकंदांनी एक लाट म्हणजे वर्षाला तीस-चाळीस लाख धक्के, आणि ते सगळे वेल्डिंगच्या सांध्यांवर जमा होतात. तिसरं, अंगावर वाढणारे शिंपले, कालवं, बार्नेकल. त्यांच्यामुळे नळी जाड होते, लाटेला जास्त अंग मिळतं आणि ढाच्यावरचा भार वाढतो. चौथं, बुंध्याजवळचा तळ खरवडला जाणं. ‘पायाखालची वाळू सरकली’ हे आपण नुसतं म्हणतो, समुद्रातल्या पवनचक्कीच्या बाबतीत ते शब्दशः घडतं. आणि पाचवं, पोलाद वाचवण्यासाठी जे ॲल्युमिनियम-जस्ताचे ठोकळे, म्हणजे ॲनोड, लावलेले असतात, ते स्वतः झिजून संपत आले का, हे बघणं.

‘स्वस्त’ म्हणजे किती स्वस्त?

दोन किमती वेगळ्या धरा. एक उपकरणाची, दुसरी तिथवर पोचण्याची.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोनेकशे रुपयांत ॲक्सिलरोमीटरचा (हलण्यातला प्रवेग मोजणारा) तुकडा मिळतो, तीनशे मीटर खोलीपर्यंतचा दाब मोजणारा सेन्सर काही हजारांत येतो. ‘ब्लू रोबोटिक्स’ या अमेरिकी कंपनीने २०१६ च्या सुमारास आणलेला ब्लूआरओव्ही-२ हा सहा मोटरींचा, शंभर मीटरपर्यंत जाणारा रोबो काही हजार डॉलरांत मिळू लागला. त्याच्या आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि खुलं सॉफ्टवेअर. त्याआधी २०१२ मध्ये ओपनआरओव्ही नावाच्या छोट्या रोबोने लोकवर्गणीतून पैसे उभे करून ‘पाण्याखालचा रोबो गॅरेजमध्येही होतो’ हे दाखवून दिलं होतं. तेल कंपन्या वापरतात ते मोठे आरओव्ही, म्हणजे वायरीने दुरून चालवायचे पाण्याखालचे रोबो, लाखो डॉलरांचे असतात.

पण खरा खर्च त्याला घेऊन जाणाऱ्या जहाजाचा. पाणबुडे किंवा मोठा आरओव्ही घेऊन जाणारं, जागच्या जागी स्थिर राहू शकणारं जहाज दिवसाला कित्येक हजार डॉलर भाडं खातं, हवा खराब असेल तर नुसतं उभं राहून खातं. म्हणून दोनशेचा सेन्सर वापरून अठराशे वाचवले, याला काही अर्थ नाही. छोट्या रोबोने जहाजच लहान करता आलं, किंवा फेरीच टळली, तर ती बचत. जो विक्रेता फक्त सेन्सरची किंमत सांगतो, त्याला दुसरा प्रश्न जहाजाबद्दल विचारा.

सेन्सर एकदाच पक्का बसवून टाकला तर रोबो हवाच कशाला?

या प्रश्नावर मी नेहमी एक गोष्ट सांगतो.

२७ मार्च १९८०. नॉर्वेच्या हद्दीत उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलँड’ नावाचा पाच पायांचा तरंगता प्लॅटफॉर्म कामगारांच्या वस्तीसाठी वापरला जात होता. वादळी संध्याकाळी त्याची एक आडवी नळी तुटली, तिच्यामागे बाकीच्या तुटल्या, एक पाय निखळला आणि वीसेक मिनिटांत सगळं उलटं झालं. २१२ पैकी १२३ माणसं गेली. चौकशीत तडा कुठून सुरू झाला ते सापडलं. त्या नळीला भोक पाडून एक छोटा आधार वेल्ड केला होता, पाण्यातला आवाज ऐकणारा हायड्रोफोन बसवण्यासाठी. ते वेल्डिंग कच्चं होतं. तड्याच्या आत रंगाचे अंश मिळाले, म्हणजे प्लॅटफॉर्म कारखान्यातून निघण्यापूर्वीच तो तिथे होता.

म्हणजे तडा सुरू झाला तो सेन्सर बसवायच्या जागेपासून. ढाच्याचा आराखडा करणाऱ्यांनी ती नळी ताकदीची म्हणून मोजली, हायड्रोफोनचा आधार मात्र किरकोळ सामान म्हणून लागला.

म्हणून समुद्रातल्या ढाच्यावर काहीही वेल्ड करायला आजही कोणी सहजासहजी परवानगी देत नाही, आणि देऊ नये. पट्ट्याने आवळायचं, चुंबकाने चिकटवायचं, पाण्याखाली घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने लावायचं, किंवा काही न लावता रोबोने येऊन मोजून परत जायचं. या शेवटच्या पर्यायात आणखी एक सोय आहे. सेन्सर दर फेरीनंतर हातात येतो, पुसता येतो, तपासता येतो. कायमचा बसवलेला सेन्सर बंद पडला की त्याला बघायला परत जहाज आलंच.

तरी काही गोष्टींना कायमचाच सेन्सर लागतो. वादळाच्या रात्री मनोरा किती हलला, हे दुसऱ्या दिवशी शांत समुद्रात येणारा रोबो सांगू शकत नाही.

मोबाईलमध्ये असतं तसलं ॲक्सिलरोमीटर पवनचक्कीचं डोलणं मोजू शकेल?

हो, आणि माझ्या मते या सगळ्या धंद्यातला सर्वांत फायद्याचा स्वस्त सेन्सर तोच आहे.

समुद्रातल्या बहुतेक पवनचक्क्या एकाच जाड पोलादी खुंटावर उभ्या असतात. असा मनोरा स्वतःच्या लयीत डोलतो, मोठ्या चक्क्यांत साधारण ०.२५ ते ०.३५ हर्ट्झने. म्हणजे एक झोका तीन-चार सेकंदांचा. ही लय मुद्दाम निवडलेली असते. पाती मिनिटाला १२ फेऱ्या घेत असतील तर फिरण्याची वारंवारता ०.२ हर्ट्झ, आणि तीन पाती एकामागून एक मनोऱ्यासमोरून जातात त्यामुळे दुसरा ठोका ०.६ हर्ट्झचा. लाटांचा ठोका ०.१ च्या आसपास. मनोऱ्याची लय या सगळ्यांना चुकवून मधे बसवायची असते, नाहीतर झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकलत राहिल्यासारखं होतं.

आता बुंध्याभोवतीची वाळू गेली तर खुंटाचा मोकळा भाग लांबतो आणि लय मंदावते. लांब पट्टी टेबलाबाहेर जास्त सरकवली की जाड आवाज येतो, तेच. डिझाइनमध्ये खड्डा खुंटाच्या व्यासाच्या १.३ पट खोल होईल असं धरण्याची पद्धत आहे. आठ मीटरचा खुंट असेल तर दहा मीटरहून जास्त!

सेन्सर पुरेल का, हे कागदावर बघू. मनोऱ्याचं टोक ०.३ हर्ट्झने एक सेंटीमीटर हललं तर प्रवेग येतो सुमारे ०.०३६ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या हजारांशाच्या साडेतीन पट. सर्वांत स्वस्त तुकड्याचा स्वतःचा गोंधळ (काही हलत नसतानाही दिसणारी थरथर) या पट्ट्यात गुरुत्वाच्या हजारांशाच्या चार-दशांश इतका. एक सेंटीमीटर आरामात दिसतं, एक मिलीमीटर गोंधळात बुडू लागतं. काही हजार रुपयांचा एडीएक्सएल-३५५ हा वरच्या प्रतीचा तुकडा घेतला तर गोंधळ पंधरा-सोळा पटींनी कमी. दहा मिनिटांची नोंद घेतली तर वारंवारता ०.००१७ हर्ट्झपर्यंत वेगळी काढता येते, म्हणजे ०.३ वर अर्धा टक्का. शिवाय हा सेन्सर मनोऱ्याच्या आत, कोरड्या जागी, विजेच्या शेजारी बसतो. पाण्यात उतरायलाच नको.

एक खोच आहे. भरतीची उंची, वाऱ्याचा वेग, चक्की चालू की बंद, यांनीही लय थोडी बदलते. एका दिवसाचा आकडा बघून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. वर्षभराच्या नोंदीतून, सारख्या परिस्थितीतले दिवस वेचून तुलना करायची.

मग तेलाच्या प्लॅटफॉर्मवरही हेच करू या की.

करून झालंय. १९७० च्या दशकात तेल कंपन्यांनी यावर बराच पैसा घातला आणि हात पोळून घेतले. जॅकेटमध्ये नळ्यांचं जाळं असतं. एक तुटली तर भार शेजारणी उचलतात आणि एकूण लय जेमतेम हलते. उलट डेकवर नवी यंत्रं चढवली, टाक्या भरल्या, अंगावर शिंपले वाढले, की लय त्याहून जास्त हलते. तडा कुठला आणि शिंपले कुठले, हे ओळखता येईना. एका खुंटावरच्या चक्कीला जे लागू, ते जाळ्याला नाही.

जॅकेटसाठी जुनी आणि साधी युक्ती अजून टिकून आहे. पाण्याखालच्या बऱ्याच नळ्या आतून पोकळ आणि कोरड्या ठेवलेल्या असतात. तडा आरपार गेला की आत पाणी शिरतं. मग बाहेरून ध्वनिलहर सोडून नळी भरलीय की रिकामी, एवढंच विचारायचं. डॉक्टर पाठीवर बोटं आपटून बघतात ना, तसं.

गंजाने पोलाद किती पातळ झालं, हे रोबोला कसं कळतं?

पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. १२ मिलीमीटर जाडीच्या भिंतीत जाऊन परत यायला त्याला सुमारे ४ मायक्रोसेकंद लागतात. एक मिलीमीटर गंजून गेला असेल तर प्रतिध्वनी ०.३४ मायक्रोसेकंद लवकर येतो. इतका फरक पकडणारी इलेक्ट्रॉनिक्स आज महाग राहिलेली नाही. रंगाच्या थराचा घोळ टाळायला पहिला प्रतिध्वनी सोडून पुढच्या दोन प्रतिध्वनींमधलं अंतर घेतात.

अवघड भाग वेगळाच आहे. सेन्सर पृष्ठभागाला काटकोनात टेकला पाहिजे, आणि पृष्ठभाग स्वच्छ पाहिजे. तरंगणाऱ्या रोबोने लाटेत हेलकावे खात गोल नळीवर नाणं उभं धरावं, तशी कसरत. त्यावर चार बोटं जाडीचे शिंपले. म्हणून जाडी मोजणाऱ्या रोबोच्या किमतीतला मोठा भाग सेन्सरच्या ऐवजी ब्रश, चुंबकी चाकं आणि पाण्याच्या फवाऱ्यावर जातो.

त्यापेक्षा सोपं, आणि अनेकदा जास्त उपयोगी मोजमाप म्हणजे पोलादाचा विद्युत दाब. चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत पोलाद उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून खाली असेल तर ते सुरक्षित धरतात. ॲनोड ठणठणीत असतील तर आकडा उणे ०.९ ते उणे १.०५ च्या दरम्यान दिसतो. तो उणे ०.८ कडे चढू लागला की ॲनोड संपत आले समजा. फार खाली, उणे १.१ च्या पलीकडे गेला तरी वाईट, कारण हायड्रोजन शिरून जास्त ताकदीचं पोलाद ठिसूळ होऊ शकतं.

हा इलेक्ट्रोड घरी होतो. सराफाकडून शुद्ध चांदीची तार आणायची, घासून ब्लीचमध्ये बुडवायची, काळपट-तपकिरी थर चढला की झाला तयार. जोडायला चांगल्या प्रतीचा मल्टिमीटर. ताज्या जस्ताचा तुकडा समुद्राच्या पाण्यात टाकून मोजलात तर उणे १.०३ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर दोष तारेत शोधा. सराफाला मात्र खरं कारण सांगू नका, तो दागिन्याचा आग्रह धरतो.

कॅमेरा असताना इतका खटाटोप का?

कॅमेरा हवाच. तपासणीच्या अमेरिकी नियमावलीत सुद्धा पहिल्या दोन पातळ्या नजरेने बघण्याच्याच आहेत: पाण्यावरचा भाग दरवर्षी, पाण्याखालचा महत्त्वाच्या ढाच्यांसाठी तीन ते पाच वर्षांनी. सेन्सरची सूक्ष्म मोजणी त्यानंतर येते. एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो घेऊन संगणकावर त्रिमितीय आकृती उभी करता येते, आणि गेल्या वर्षीच्या आकृतीशी ताडता येते.

पण आपल्या पाण्याचं काय करणार? खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि पाणी चहासारखं गढूळ असतं. भारतातली समुद्री पवनऊर्जा जिथे प्रथम आणायचं घाटतंय, त्यातली एक जागा गुजरातची हीच बाजू. तिथे कॅमेऱ्याला स्वतःचा दिवाही दिसणार नाही. अशा जागी सोनार, म्हणजे आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं यंत्र, घ्यावा लागतो. एका किरणाचा साधा सोनार काही शे डॉलरांत येतो आणि बुंध्याभोवती फेरी मारून खड्ड्याची खोली सांगतो. गोल फिरून चित्र काढणारा त्याच्या कित्येक पट महाग.

वेळेचंही गणित आहे. कोकणातला कोळी सांगेल, उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची, भांगाच्या दिवसांत सौम्य. छोट्या रोबोच्या मोटरींना ओढीपुढे टिकता येत नाही, म्हणून कामाचे दिवस पंचांग बघून ठरवा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात हे काम जवळजवळ बंदच असतं.

पाण्याखालून माहिती मोबाईलवर थेट का येत नाही?

खारं पाणी रेडिओलहरी गिळतं. वायफाय वीतभर अंतरातच मरतो, जीपीएस पृष्ठभागाखाली नाहीच. उरतो आवाज. तो पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, पण ध्वनी-मोडेमचा वेग सेकंदाला काही शे ते काही हजार बिट, फोनलाइनच्या जुन्या इंटरनेटपेक्षाही मंद. फोटो पाठवायचा विचार सोडा, आकडे पाठवा. म्हणूनच बहुतेक स्वस्त रोबोंना शेपटीसारखी वायर असते. लोकांना ती मागासलेली वाटते. मला ती फार आवडते. तिच्यातून चित्र येतं आणि रोबो बंद पडला तर ओढून वर काढता येतो.

बॅटरी किती दिवस पुरते?

रोबोची तासांत मोजा, दोन ते चार. बसवलेल्या सेन्सरची वर्षांत. एक हिशोब देतो. लिथियम थायोनिल क्लोराइडचा मोठा सेल १९ अँपिअर-तासांचा असतो. सेन्सर झोपेत ०.०५ मिलिअँपिअर घेतो, आणि दर सहा तासांनी दहा मिनिटं जागा होऊन १५ मिलिअँपिअर. सरासरी आली ०.४७. म्हणजे चाळीस हजार तास, साडेचार वर्षं. थंडी, गळती आणि कनेक्टरच्या खोड्या धरून मी निम्मी सांगतो. त्यात ध्वनी-मोडेम घातलात, की सगळं गणित कोसळतं, कारण ओरडायला झोपेपेक्षा हजारो पटींनी जास्त वीज लागते.

सेन्सरवरच शिंपले बसले तर?

बसतातच. आधी चिकट पडदा, मग शेवाळ, मग कवचधारी मंडळी. उष्ण कटिबंधात आणखी लवकर. तांब्याची जाळी किंवा पट्टी लावली की प्राणी दूर राहतात, जुन्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकत ते उगाच नाही. पण तांबं पोलादाला टेकलं तर गंज वाढवतं, तेव्हा मधे प्लॅस्टिक ठेवा. काचेच्या खिडकीसाठी छोटा वायपर किंवा अतिनील दिवा वापरतात.

स्वस्त सेन्सरच्या आकड्यावर विश्वास ठेवून प्लॅटफॉर्म बंद करायचा का?

नाही. आणि चालू ठेवायचा निर्णयही त्याच्या एकट्याच्या जिवावर घ्यायचा नाही.

स्वस्त सेन्सर सरकतात. उन्हात वेगळं सांगतात, थंडीत वेगळं, वर्षाने तिसरंच. त्यांची ताकद अचूकपणात नसून संख्येत आणि वारंवारतेत आहे. एक महागडं मोजमाप पाच वर्षांतून एकदा, विरुद्ध चाळीस ओबडधोबड मोजमापं दर महिन्याला. चाळिसांतले अडतीस सारखे वागतायत आणि दोन वेगळे, एवढं कळलं तरी महागडं जहाज नेमकं कुठे पाठवायचं ते ठरतं. शेतात पाणी शोधणारा सगळीकडे बोअर मारत नाही, तसंच.

त्यासाठी शिस्त हवी. दर फेरीआधी आणि नंतर ओळखीच्या वस्तूवर मोजणी: जाडीसाठी पायऱ्या-पायऱ्यांचा पोलादी ठोकळा, विद्युत दाबासाठी जस्त. नोंद वहीत, तारीख-वेळ-तापमानासह. ज्यांच्याकडे ही वही नसते, त्यांचा आलेख कितीही देखणा असो, मी बाजूला ठेवतो.

शाळेच्या रोबोसारखं यंत्र गॅसच्या प्लॅटफॉर्मवर नेऊ देतील?

पाण्याच्या वर, नाही. जिथे स्फोटक वायू असू शकतो तिथे ठिणगी न पडणारी, त्यासाठी प्रमाणित केलेलीच उपकरणं चालतात. एवढ्या एका अटीने किंमत कित्येक पट होते. २०१८ मध्ये झुरिकचा एनिमल हा चार पायांचा रोबो उत्तर समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर मीटर वाचत फिरला, तो पवनविजेचा कन्व्हर्टर प्लॅटफॉर्म (चक्क्यांची वीज रूप बदलून किनाऱ्याकडे पाठवणारा) होता. स्वस्त प्रयोग पवनऊर्जेत जास्त होतात, याचं हे एक साधं कारण.

२००५ ची मुंबई हायची आग अशा सेन्सरांनी टळली असती का?

असा प्रश्न मुंबईत विचारला जातोच, आणि उत्तर ‘नाही’ असं आहे. २७ जुलै २००५ ला ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या जखमी आचाऱ्याला प्लॅटफॉर्मवर उतरवून घेताना जहाज लाटेने ढकललं गेलं आणि गॅसच्या उभ्या नळीवर आपटलं. आग लागली, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म गेला, २२ जणांचा जीव गेला. गंजाचा किंवा थकव्याचा तिथे संबंध नव्हता. कुठलाही ॲक्सिलरोमीटर ते आधी सांगू शकला नसता.

पण एक गोष्ट मनात राहते. ते जहाज पाणबुड्यांच्या कामाचं होतं. ढाच्याची देखभाल करायची म्हणजे अजस्र जहाज ढाच्याला खेटून उभं करायचं, हा या धंद्यातला जुना धोका आहे. छोट्या रोबोने त्यातल्या काही फेऱ्या कमी झाल्या, किंवा जहाज दूर उभं राहून काम झालं, तर तो फायदा कुठल्याही सेन्सरच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

पाणबुड्यांचं काम जाईल?

बघण्याचं जाईल, करण्याचं नाही. क्लँप बसवणं, कापणं, वेल्डिंग हे अजून माणसाचं. साध्या हवेवर पाणबुडा पन्नासेक मीटरपर्यंतच काम करतो. त्याखाली दिवसचे दिवस दाबाच्या कोठडीत राहून काम करावं लागतं. निव्वळ ॲनोड मोजायला माणसाला त्यात घालणं मला कधीच पटलेलं नाही.

भारतात हे कोण करतंय?

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ नावाचं छोटं स्वयंचलित पाणयान बरंच आधी बनवलं. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था फार खोल समुद्रातल्या रोबोंवर काम करते. कोचीची आयरोव्ह आणि आयआयटी मद्रासमधून निघालेली प्लॅनिस या कंपन्या धरणं, बंदरं, पूल यांच्या पाण्याखालच्या तपासणीत आहेत. समुद्री पवनऊर्जेसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ५०० मेगावॉट गुजरात, ५०० तामिळनाडू. डेन्मार्कच्या विंडेबीला पहिल्या ११ चक्क्या १९९१ मध्ये उभ्या राहिल्या आणि २०१७ मध्ये उतरवल्याही. आपण उशिरा निघालोय, तर निदान त्यांच्या चुका फुकटात घेऊ.

आमचा रोबो विहिरीत मस्त चालला. समुद्रात चालेल ना?

विहिरीत पाणी गोडं, ओढ शून्य, आणि दहा मीटर खोली म्हणजे एक वातावरण दाब. ७५ मीटरवर दहा सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर जवळजवळ सहाशे किलोचा भार असतो. वीजवाहक खाऱ्या पाण्यात जी गळती विहिरीत कळतही नाही, ती पाच मिनिटांत बोर्ड जाळते.

आमचंच सांगतो. नाशिककडच्या एका शेततळ्यात आमचा रोबो तीन दिवस न कुरकुरता चालला. चौथ्या आठवड्यात मालवणला नेला, आठ मीटरवर चित्र थरथरलं आणि गेलं. वायर होती म्हणून वर आला. उघडल्यावर कळलं, झाकणाच्या रबरी रिंगखाली एक केस अडकला होता. माझाच असावा, पांढरा होता.

तेव्हापासून दर वेळी झाकण लावलं की हातपंपाने आतली हवा ओढून घेतो आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसतो. काटा हलला तर रोबो पाण्यात जात नाही, मग किनाऱ्यावर कोण पाहुणे आले असोत. रिंगला सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकाने, दिसेल न दिसेल इतकंच. आणि झाकण लावणाऱ्याने टोपी घालायची.